बिनखुणेचा कोट

मावशीच्या भट्टीत एक नियम होता आणि तो तिच्या सासऱ्यांच्या काळापासून चालत आला होता. रंगवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला आतून, कॉलरच्या खाली, पांढऱ्या सुती दोऱ्याने खूण घालायची. लोकरीचा रंग सुती दोऱ्याला चढत नाही, त्यामुळे कपडा कितीही वेळा कढईत बुडून निघाला तरी खूण पांढरी ती पांढरीच राहते. प्रत्येक घराची खूण ठरलेली. शिंप्याकडची फुली, पाववाल्याची चौकट, मास्तरांकडचे दोन उभे टाके आणि त्यांवर एक आडवा. कढईतून निघालेले कपडे सगळे एकाच रंगाचे, मग कुणाचं काय हे ओळखायचं कसं? फक्त भट्टीच्या घरच्या कपड्यांना खूण नसे. ज्याला खूण नाही ते आपलं, इतका साधा हिशेब होता. सासरे गेले, नवराही खोकून खोकून गेला, पण हा हिशेब कधी चुकला नाही.

मावशी ही तशी कुणाचीच मावशी नव्हती. तिला बहीणच नव्हती, तर भाचरं कुठून येणार? पण गल्लीने हाक मारायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं. तिचे हात कोपरापर्यंत निळसर झाले होते. लग्न होऊन आले तेव्हा माझे हात गोरे होते, असं ती सांगे, आणि ऐकणारे मान डोलावत.

तिला एकच मुलगा. त्याचं नाव दुसरंच काही होतं, पण दिवसभर काहीतरी गुणगुणत असे म्हणून सगळे त्याला गुण्या म्हणत. अंगाने चारचौघांसारखा, उंची मध्यम, चेहरा गर्दीत शोधावा लागेल असा. आवाज मात्र असा की भट्टीत वाफेने समोरचं दिसेनासं झालं तरी तो कढईपाशी आहे की दोरीपाशी, हे मावशीला न बघता कळे. कधीकधी ती वैतागून म्हणे की बाबा रे, जरा तोंडाला विसावा दे. तो विसावा देई, आणि घटकाभरात पुन्हा सुरू.

दर वर्षी थंडी पडायच्या आधी नमुनेवाला येई. तो शेजारच्या देशातला. रंग बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचा माणूस. बगलेत जाडजूड चोपडं, त्याच्या पानापानावर रंगवलेल्या लोकरीचे झुपके चिकटवलेले. चांगला निळा फक्त त्यांच्याच देशात होई, आणि तो निळा नमुनेवाल्याकडून घ्यायचा हे भट्टीचं ठरलेलं. त्याला इकडची भाषा येत होती, पण प्रत्येक शब्द पारखून घेतल्यासारखा तो सावकाश बोले. शेगडीजवळ बसून चहा घेई आणि गुण्याला आपल्याकडची गाणी शिकवी. गुण्याला त्यातलं एक फारच आवडलं होतं. अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण अर्थासाठी अडून बसणाऱ्यांतला तो नव्हता. पुढे वर्षभर भट्टीत तेच चालू.

मग युद्ध आलं. ते का आलं, हे शेजारच्या मास्तरांना पक्कं माहीत होतं. फार लांबच्या एका बंदरावरून दोन देशांची जुंपली. त्यातल्या एकाला तिसऱ्याने मदतीचा शब्द दिलेला, तिसऱ्याला चौथ्याने, आणि चौथ्याचा तह आपल्याशी. सगळेच शब्दाला जागले, आणि बघता बघता अर्धं जग एकमेकांच्या उरावर बसलं. मास्तर हे सगळं भिंतीवरच्या नकाशावर काठी टेकवून सांगत. प्रत्येक वेळी सांगताना त्यांचा आवाज चढे. मावशीला त्यातलं एवढंच कळलं की नमुनेवाला आता शत्रू झाला आणि निळा रंग बंद झाला. ज्यांनी ते बंदर जन्मात पाहिलं नव्हतं ती पोरं त्या बंदरासाठी निघाली, आणि गल्ली त्यांच्यावर फुलं टाकत होती. फुलं टाकणाऱ्यांत मावशीही होती, हे सांगायला हवं.

गुण्याला जायचं नव्हतं. त्याने तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण आईला दिसत होतं. तो आपला कढया ढवळत होता आणि गुणगुणत होता. इथेच घोळ झाला. गाणं शत्रूचं. कुणाच्या तरी लक्षात आलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि लोक भट्टीसमोरून जाताना वाकडं बघायला लागले. एके दिवशी मास्तर स्वतः दारात येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गुण्याला म्हणाले की आमची मुलं तिकडे छातीवर गोळ्या झेलताहेत आणि तू इथे त्यांची गाणी म्हणतोस. मास्तरांचा मुलगा नुकताच आघाडीवर गेला होता. गुण्या खाली मान घालून उभा राहिला. त्यानंतर तो गुणगुणायचाच बंद झाला. पुढच्या आठवड्यात त्याने भरतीच्या कचेरीत जाऊन नाव दिलं.

गावातून भरती होणाऱ्यांचे कोट तेव्हा मावशीच्याच भट्टीत रंगत. गिरणीतून राखाडी कोटांच्या गाड्या येत. मापं तीनच, लहान, मध्यम आणि मोठं. साली आणि पानं उकळून मावशीने खाकी जमवला होता. गावची पोरं कोट घ्यायला थेट भट्टीत येत, आणि मावशी प्रत्येकाच्या कोटाला त्याच्या त्याच्या घरची खूण घालून देई. म्हणजे तिकडे गर्दीत कोट चुकायचा नाही, असं तिचं म्हणणं. पोरं हसत. चुकला तर चुकला मावशी, तिथे काय लग्नाला चाललोय? मावशी टाका घालून दोरा दाताने तोडे आणि कोट हातात देई.

गुण्याच्या वेळी तिने दोरीवरचा मध्यम मापाचा एक कोट काढला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या अंगावर चढवला. बटणं लावली. त्याने कॉलर उलटून पाहिली.

"मला नाही का खूण?"

"तू काय परका आहेस?" मावशी म्हणाली.

तो हसला. त्यांचं शेवटचं धड बोलणं हेच. त्यानंतर स्टेशनवर जे काही झालं ते गर्दीत आणि बँडच्या गोंगाटात झालं. कोण काय बोललं हे दोघांपैकी कुणालाही ऐकू आलं नाही.

लिहिण्याच्या बाबतीत गुण्या आळशी. महिनोन्महिने काही नसे, आणि मग एखादं कार्ड येई, दोन ओळींचं. एकदा त्याने लिहिलं की आई, तू उगाच खाकीसाठी जीव आटवलास, इथे चिखलच सगळ्यांना रंगवतो, आपल्यालाही आणि त्यांनाही. मावशीने ते कार्ड गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. पोरगं तिकडे जाऊनही थट्टा करतंय याचा तिला अभिमान वाटला. त्या चिखलात काय काय होतं हे तिला नंतर कळलं, परत आलेल्यांकडून. त्यातही जे परत आले ते फार बोलत नसत. जमिनीत खणलेल्या चरांत पोरं महिनोन्महिने उंदरांसारखी राहत होती आणि शंभर पावलं जमिनीसाठी सबंध गावं संपत होती. ती शंभर पावलं पुढच्या आठवड्यात परत जात. मग कार्डं थांबली, आणि एक सरकारी कागद आला. त्यावर बेपत्ता असा एकच कामाचा शब्द होता.

युद्ध संपलं त्या दिवशी गल्लीत लोक नाचले. मावशीने भट्टीचं दार आतून लावून घेतलं.

बेपत्ता म्हणजे मेला असं नव्हे. ही गोष्ट तिने मनाशी घट्ट धरली होती. माणूस हॉस्पिटलात असतो, कैदेत असतो, डोक्याला मार लागून स्वतःचं नाव विसरतो. अशा गोष्टी तिने ऐकल्या होत्या, आणि नव्या ऐकण्यासाठी ती रोज स्टेशनवर जाऊन उभी राहत होती. मेला असेल तर तसं कळू दे, म्हणजे रडून मोकळी होईन. जिवंत असेल तर तसं कळू दे, म्हणजे वाट बघेन. दोहोंपैकी एक काहीतरी कळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या वर्षी सरकारने नवं काम काढलं. रणांगणावरून, हॉस्पिटलांतून, गोदामांतून सैन्याचे जुने कोट गोळा करायचे, गडद निळे रंगवायचे आणि थंडीच्या आधी बेघरांना वाटायचे. उवा मराव्यात म्हणून ते सगळे आधीच सोड्यात उकळून काढलेले, त्यामुळे मूळ खाकी कुणाचा कसा होता हे ओळखणं रंगारणीलाही शक्य नव्हतं. निळा रंगही आला, पिंपंच्या पिंपं. हरलेल्या देशाच्या कारखान्यातून तो भरपाई म्हणून उचलून आणलेला. इतका चांगला निळा मावशीला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. पिंपाचं झाकण उघडल्यावर तिचं मन क्षणभर खरोखरच हरखलं, आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

पहिली गाडी लहान होती, जवळच्या हॉस्पिटलातून आलेली. मावशीने कॉलरी उलटून पाहायला सुरुवात केली. एका कोटात पाववाल्याची चौकट निघाली. आणखी काही ओळखीच्या खुणांनंतर दोन उभे टाके आणि त्यांवर एक आडवा. तिने तो बाजूला ठेवला. आणि मग एक मध्यम मापाचा कोट आला, ज्याच्या कॉलरीखाली काहीच नव्हतं.

ज्याला खूण नाही ते आपलं. तिने कोट उराशी धरला आणि ती जमिनीवर बसली.

गल्ली जमली. पाववाल्याची बायको रडायला आली आणि स्वतःसाठीच रडली. मास्तर आले, आपल्या मुलाचा कोट घेऊन निघून गेले. मावशीने त्या दिवशी पोटभर रडून घेतलं. गुण्या गेला, असं ती तोंडाने म्हणाली, आणि म्हणता आलं याचं तिला नवल वाटलं. कोट तिने रंगवला नाही. दाराआडच्या खुंटीला, जिथे त्याचा सदरा असे तिथे, अडकवून ठेवला. दुःख झालं होतं, पण ते निदान जागेवर बसलं होतं.

दोन दिवसांनी दुसरी गाडी आली. ती मोठी होती, लांबच्या गोदामांतून भरून आलेली. मावशीने पहिला कोट उलटला. खूण नाही. दुसरा उलटला. खूण नाही. तिसरा, चौथा, मग ती भराभर उलटत गेली, आणि सगळा ढीग विस्कटून टाकला. साऱ्या ढिगात एकाही कोटाला खूण नव्हती. असणार कशी? खुणा घालणारी भट्टी जगात एकच होती. या एवढ्या गावाबाहेर सगळं जग बिनखुणेचंच होतं, आणि हे तिच्या आयुष्यात तिला कधी सुचलंच नव्हतं.

म्हणजे खुंटीवरचा कोट गुण्याचा असेलही आणि नसेलही. या ढिगातला कुठलाही त्याचा असेल. किंवा कुठलाच नसेल आणि तो स्वतः कोट घालून कुठल्याशा रस्त्याने घरी चालत येत असेल. मावशीने आपलं रडणं परत घेतलं. गल्लीत जाऊन तिने सांगून टाकलं की मी म्हणाले ते खरं नाही, गुण्याचं काही कळलेलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मागून लोक काय बोलले असतील हे तिला ऐकायची गरज नव्हती.

मास्तरांकडे ती मुद्दाम गेली. त्यांच्या मुलाचा कोट खुर्चीच्या पाठीवर होता. नकाशा भिंतीवरून उतरला होता आणि त्या जागी फिकट चौकोन उरला होता. मग मास्तर म्हणाले,

"वहिनी, माझा कोट आला. आता मला कुठे बघायचं राहिलं नाही. तुम्ही मात्र सारं जग चाळत बसाल. हे मी तुमच्यावर आणलं."

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं मावशीच्या मनात आलं. पण तसं काही तिच्याकडे नव्हतं, आणि उसनं आणायची तिची इच्छा नव्हती. ती उठून घरी आली.

गाड्या येत राहिल्या. प्रत्येक कोट ती उलटीपालटी करून बघे, खिसे चाचपे, बटणांना हात लावे, वास घेई. सोड्याचा वास येई. मग तो कोट कढईत जाई आणि निळा होऊन निघे. थंडी पडली तसे कोट वाटले गेले, आणि गावात जिकडेतिकडे निळ्या पाठी दिसू लागल्या. हे तर आणखीच वाईट झालं. मध्यम उंचीची निळी पाठ पुढे चाललेली दिसली की मावशीचे पाय आपोआप भराभर पडत. एकदा तिने एकाचा दंड धरून त्याला फिरवलं. तो कुणी तरी सुतार होता. काही न विचारता त्याने टोपी काढली आणि ती सावरेपर्यंत उभा राहिला. तेव्हापासून ती बाजारात जाताना खाली बघून चालू लागली. भट्टीत वाफ दाटे, कढई खदखदे, आणि त्या आवाजापलीकडे काही नसे. खुंटीवरच्या कोटाकडे ती रोज बघे. तो तिचा आहे असं तिला म्हणवत नव्हतं, आणि नाही असंही.

अशातच एका दुपारी दार वाजलं आणि नमुनेवाला आत आला.

त्याला ओळखायला तिला वेळ लागला. माणूस निम्मा झाला होता. अंगात पातळ जाकीट, कोपरांवर ठिगळं, बगलेत मात्र तेच चोपडं. विकायला आपल्याकडे काही नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. कारखान्याचा सगळा रंग तुमच्या लोकांनी नेला, बायको उपासमारीच्या हिवाळ्यात गेली, घर बाँबने गेलं. मग जुन्या गिऱ्हाइकांच्या वाटेने चालत निघालो, दुसरी वाट ठाऊक नव्हती. हे सगळं त्याने पूर्वीसारखंच सावकाश सांगितलं. मावशीने त्याला शेगडीजवळ बसवलं आणि चहा ठेवला. शत्रू म्हणून त्याला हाकलावं असं तिला वाटलं नाही. खरं तर कुणीतरी त्या जागेवर बसलं याचंच तिला बरं वाटलं.

चहाचा पहिला घोट घेऊन त्याने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं,

"तुमचा गाणारा कुठे आहे?"

इतक्या दिवसांत असं कुणी विचारलं नव्हतं. लोक गुण्याबद्दल बोलणं टाळत, किंवा बोलले तर दबक्या आवाजात. गुण्या आतल्या खोलीत असावा तसं याने विचारलं. तिने त्याला सगळं सांगितलं, खुणेचं, कोटाचं, पहिल्या गाडीचं, दुसऱ्या गाडीचं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला की आमच्याकडेही ढीग आले, इकडचे, तिकडचे, सगळे मिसळलेले. लोकांनी वाटून घेतले. एका कोटात पांढरी फुली होती. घालणाऱ्याला वाटलं विणीतला दोष आहे. मी ओळखली, मी तुम्हाला ती घालताना पाहिलं होतं.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बिनखुणेचे, बाई. सगळे."

मावशीने कढईखालचं लाकूड आत सारलं. एवढं जग तिच्याने चाळून होणार नव्हतं. मास्तर बोलले होते तेव्हा तिने ते मनावर घेतलं नव्हतं. आता नुसता थकवा आला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत ना तो कुठे आहे? मला माहीत नाही. आणि आता कळणारही नाही."

हे वाक्य आजवर तिने उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर भट्टी होती तशीच राहिली. नमुनेवाल्याने कप खाली ठेवला. त्याची बोटं थंडीने काळीनिळी पडली होती.

"ते गाणं कशाचं होतं?" तिने विचारलं. "त्याच्या पायी एवढं रामायण झालं."

"शेळीचं." तो जरा ओशाळला. "एकाची शेळी हरवते. तो शेजाऱ्याला विचारतो, पाहिलीस का. मग पुढच्या शेजाऱ्याला. लहान मुलांचं गाणं आहे."

"सापडते का?"

"शेवट नाही त्याला. दमेपर्यंत म्हणायचं आणि थांबायचं."

शेळी. मास्तर दारात उभे राहून छातीवरच्या गोळ्यांचं बोलले ते शेळीवरून. मावशीला हसू फुटलं आणि त्या हसण्याचं मध्येच रडणं झालं. तिने तोंडावर पदर धरला नाही, की पाठ फिरवली नाही. तो समोर बसून राहिला.

निघायला तो उठला तेव्हा बाहेर बर्फाळ वारा सुटला होता. मावशीने त्याच्या जाकिटाकडे पाहिलं, मग दाराआड गेली आणि खुंटीवरचा कोट काढून आणला. तो नको नको म्हणाला. तिने ऐकलं नाही. पण देण्याआधी ती खिडकीपाशी बसली, सुईत पांढरा दोरा ओवला आणि कॉलर उलटी केली. सुई हातात धरून ती थोडा वेळ थांबली. एकदा खूण पडली की कपडा गिऱ्हाइकाचा. भट्टीचा नियमच तो. नमुनेवाल्याची खूण ठरलेली नव्हती, कारण त्याने कधी काही रंगवायला दिलंच नव्हतं. तिने एक लहानसा गोल घातला, दोरा दाताने तोडला आणि कोट त्याच्या अंगावर चढवला. बटणं तिनेच लावली.

"पुढच्या वर्षी घालून या," ती म्हणाली. "निळा करून देईन."

तो गेला. त्याची पाठ गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होती, आणि ती कुणाची आहे हे तिला माहीत होतं. मग तिने दार लावलं. खुंटी रिकामी दिसत होती, म्हणून तिने अंगावरची शाल काढून तिथे अडकवली. शाल घरचीच, तिला खूण नव्हती. आता बिनखुणेचं म्हणजे आपलं असं तेवढंच उरलं होतं.